काडी मोजण्याआधी पासंग पाहा

आमच्या रेंजवर एक तरुण मराठी मुलगा येतो. मूळचा नागपूरचा, आता कॉलोराडोत नोकरीला. गेल्या हिवाळ्यात त्याच्या गॅरेजमध्ये मी त्याला काडतुसं भरताना पाहिलं. टेबलावर महागडा इलेक्ट्रॉनिक काटा, काट्यावर दारूचा छोटा पेला, हातात चिमटा. आकडा हव्या त्या वजनापेक्षा ०.०२ ग्रेनने जास्त दिसला की तो चिमट्याने दारूची एक काडी उचलायचा आणि श्वास रोखून आकडा स्थिर व्हायची वाट पाहायचा. आकडा खाली घसरला की तीच काडी परत पेल्यात. एका काडतुसाला दोन मिनिटं जात होती. मी विचारलं, "अरे, हे कशासाठी?" तो म्हणाला, "काका, हजार यार्डावर एक काडीसुद्धा दिसते. ज्याला एवढं करायचं नसेल त्याने दुकानातली तयार काडतुसं घ्यावीत."

हे मत त्याच्या एकट्याचं नाही. जिथे दोन हँडलोडर, म्हणजे घरी काडतुसं भरणारे, भेटतात तिथे ते ऐकू येतं: दारू जितक्या बारीक दशांशापर्यंत मोजाल तितकी रायफल अचूक, आणि तितके तुम्ही सुरक्षित. मापाने दारू टाकणारा माणूस आळशी, काडी मोजणारा दक्ष. मी वीस वर्षं हे काम करतो आहे आणि मला हे मत चूक वाटतं. त्यातला सुरक्षिततेचा भाग तर धोक्याचा वाटतो, म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रायफलचं काडतूस झाडलं की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर फुटतो, पण पितळी केस शाबूत उरते. ती साफ करायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू ओतायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं हे घरी करता येतं. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, तेव्हा हा सगळा वाद इकडचा, अमेरिकेतला आहे असं समजून वाचावं.

दारू मोजतात ग्रेनमध्ये. ७,००० ग्रेनचा एक पौंड. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. जवाच्या दाण्यावरून आलेलं हे माप आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे एक गुंज १.८७५ ग्रेनची. साध्या दांडीच्या काट्यावर हँडलोडर दारू ०.१ ग्रेनपर्यंत तोलतो, तेव्हा तो गुंजेचा एकोणिसावा हिस्सा तोलत असतो. माझा मित्र चिमट्याने जी काडी उचलत होता ती होती गुंजेचा चौऱ्याण्णवावा हिस्सा.

माझे वडील कोल्हापूरला गुजरीतल्या एका सराफी पेढीवर कामाला होते. सकाळी पेढी उघडली की ते आधी पंखा बंद करत. काट्याच्या काचेच्या पेटीवरची धूळ पुसत. मग दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवून काटा मध्यावर येतो का ते पाहत, आणि त्यानंतर वजनांची अदलाबदल करत. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. काटा दोन्ही वेळा मध्यावर राहिला तरच पहिलं गिऱ्हाईक. दांडीच्या दोन बाजू असमान असतील तर ते या अदलाबदलीतच कळतं. नुसत्या रिकाम्या पारड्यांवर कळत नाही. काटा किती बारीक दाखवतो हा प्रश्न त्यांच्यासाठी नंतरचा होता. काटा खरं सांगतो का, हा पहिला. या दोन प्रश्नांची गल्लत हेच माझ्या मित्राच्या आणि त्याच्यासारख्या पुष्कळांच्या चुकीचं मूळ आहे.

आता हजार यार्डावर एक काडी दिसते का, ते पाहू. उदाहरण .३०८ विंचेस्टरचं घेतो, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १७५ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २,६०० फुटांच्या आसपास. दारू चाळीसेक ग्रेन. नेमका आकडा ज्याने त्याने दारू बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यावा, माझ्याकडून किंवा कुणा मित्राकडून घेऊ नये. या काडतुसात दारू एक ग्रेनने वाढली की वेग साधारण ५० ते ६० फुटांनी वाढतो. म्हणजे ०.१ ग्रेनला पाच-सहा फूट आणि ०.०२ ग्रेनच्या एका काडीला एक फूट. हजार यार्डावर वेगातला दहा फुटांचा फरक गोळीला तीन ते चार इंच वर किंवा खाली नेतो. एक फूट म्हणजे चार दशांश इंच फार तर. त्याच अंतरावर आडव्या वाऱ्याचा अंदाज ताशी एका मैलाने चुकला तर हीच गोळी दहा इंच बाजूला जाते. एफ-क्लास स्पर्धेत हजार यार्डावरचं दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं असतं आणि त्याच्या आतलं एक्स पाच इंचांचं. काडीच्या चार दशांश इंचासाठी दोन मिनिटं देणारा माणूस वाऱ्याच्या दहा इंचांसाठी किती वेळ देतो, हे मी रेंजवर पाहिलेलं आहे. झेंड्याकडे एक नजर टाकतो आणि गोळी सोडतो.

इथे मित्र म्हणतो, "ठीक आहे, काडीचा वाटा लहान आहे. पण लहान असला तरी चूकच ना? जेवढी काढता येते तेवढी काढायची." ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. पण चुका अशा सरळ बेरजेने साठत नाहीत. एकमेकींशी संबंध नसलेल्या चुकांचे वर्ग एकत्र मिळतात आणि मग त्यांचं वर्गमूळ काढावं लागतं. या हिशेबात मोठी चूक लहान चुकीला गिळून टाकते. आकडे घालून पाहू. चांगल्या हँडलोडरच्या काडतुसांत वेगाचं प्रमाण विचलन सेकंदाला नऊ फूट असतं असं धरू. त्याचा काटा ०.१ ग्रेन इकडे-तिकडे होतो; त्या पट्ट्यात चूक कुठेही सारख्याच शक्यतेने पडते असं मानलं तर तिचं प्रमाण विचलन ०.०५८ ग्रेन, म्हणजे वेगात साधारण ३.२ फूट. नवाचा वर्ग ८१. ३.२ चा वर्ग दहाच्या थोडा वर. ते दहा पूर्णपणे काढून टाकले, दारू अगदी परमाणू मोजून भरली, तरी ७१ उरतात. त्याचं वर्गमूळ ८.४. सगळ्या चिमट्यांची, सगळ्या रात्रींची कमाई नवावरून ८.४!

ते ७१ कुठून येतात? केसच्या आतल्या पोकळीतला फरक, केसच्या मानेची गोळीवरची पकड, प्रायमर, दारू केसमध्ये कशी पसरली आहे, गरम झालेल्या चेंबरमध्ये काडतूस किती वेळ पडून होतं. मानेची पकड सारखी राहावी म्हणून पितळ ठरावीक वेळा झाडल्यावर तापवून मऊ करावं लागतं. माझ्या मित्राने त्याचं पितळ एकदाही तापवलेलं नव्हतं. तीन वेगवेगळ्या खरेद्यांच्या केस एकाच डब्यात मिसळलेल्या होत्या. मी त्याला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "ते नंतर करीन, आधी दारू." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय म्हणायचं!

मापाने दारू टाकणारे आळशी, या आरोपाला फार शब्द लागत नाहीत. जगातले सगळ्यात लहान ग्रुप शंभर आणि दोनशे यार्डांवरच्या बेंचरेस्ट स्पर्धेत पडतात, जिथे पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्यासारख्या दिसतात. १९७५ साली लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी तयार केलेलं ६ पीपीसी काडतूस त्या खेळावर कित्येक वर्षं राज्य करत आलं. ते भरणारे नेमबाज रेंजवरच, दोन फेऱ्यांच्या मधे, कल्व्हर किंवा हॅरेल पद्धतीच्या मापाची मूठ फिरवून दारू टाकत आले आहेत. आकारमानावर, काट्याशिवाय. त्यांना आळशी म्हणायची हिंमत मला तरी होणार नाही. मूठ दर वेळी त्याच लयीत, त्याच जोराने वर जाते आणि त्याच जोराने खाली येते. ती लय कमवायला वर्षं लागतात. अर्थात हे सगळ्या दारूला लागू नाही. गोल दाण्याची दारू मापातून पाण्यासारखी उतरते, पण आयएमआर ४०६४ सारखी लांब काड्यांची दारू मापात अडकते, कापली जाते, कधी नळीत तिचा पूल होतो. तिथे मी स्वतः प्रत्येक माप काट्यावर तोलतो. हजार यार्डावर एक्स मोजून स्पर्धा जिंकायची असेल तर ०.०१ ते ०.०२ ग्रेन दाखवणारा काटा वापरायलाही माझी हरकत नाही. माझ्याकडे तसा आहे. माझं भांडण त्या काट्याशी नाही, त्याच्यावर ठेवलेल्या आंधळ्या विश्वासाशी आहे.

हा विश्वास येतो कुठून, तर बहुतेक वेळा तीन गोळ्यांच्या चाचणीतून. पद्धत अशी: दारू ०.२ ग्रेनने वाढवत जायची, प्रत्येक पायरीला तीन गोळ्या झाडायच्या, क्रोनोग्राफवर सरासरी वेग लिहायचा. जिथे दारू वाढूनही वेग वाढत नाही ती सपाट जागा म्हणजे म्हणे रायफलची आवडती जागा. ती सापडली की माणूस तिथे काडी-काडीने चिकटून बसतो, कारण तिथून हललो तर सगळं बिघडेल अशी त्याला भीती वाटते. पण वर धरलेले नऊ फूट इथे लावून पाहा. तीन गोळ्यांच्या सरासरीत पाच फुटांची डगमग असते. शेजारच्या दोन पायऱ्यांच्या सरासऱ्यांतल्या फरकात सात फुटांहून जास्त. आणि ०.२ ग्रेनने वेग वाढायला हवा अकरा फुटांनी. अकराची चढण, सातांचा हेलकावा. दहा पायऱ्या चढलात तर एखादी सपाट पायरी नुसत्या योगायोगानेच मिळेल. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा केली की ती सपाट जागा दुसरीकडे सरकलेली असते. मी तीन वेळा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा जागा वेगळी निघाली. मित्राने एकदाच केली होती आणि कागद फ्रेम करावा तसा भिंतीवर लावला होता.

पाच गोळ्यांवरून काढलेलं प्रमाण विचलनही असंच. पाच गोळ्यांत दहा फूट आलं, तर खरी किंमत सहापासून २९ फुटांपर्यंत कुठेही असू शकते, पंचाण्णव टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं. तीस गोळ्या झाडल्या तर तोच पट्टा आठ ते साडेतेरापर्यंत आवळतो. थोड्या नमुन्यावरून किती बोलावं याचं गणित विल्यम गॉसेटने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडलं. तो गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत जवाच्या पिकाचा आणि माल्टचा अभ्यास करत होता. ज्या जवाच्या दाण्यावरून आपला ग्रेन आला त्याच जवापायी हे गणित जन्माला आलं आणि नेमकं आपणच ते विसरलो, याचं मला वाईट वाटतं.

आता सुरक्षिततेबद्दल. "बारीक काटा म्हणजे सुरक्षित काडतूस" हे वाक्य मी कुणाच्याही तोंडून पुन्हा ऐकू नये अशी माझी इच्छा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी माझ्या त्या बारीक काट्यावर काम करत होतो. सकाळी दोन ग्रॅम आणि अर्ध्या ग्रॅमची प्रमाण वजनं एकत्र ठेवून पाहिली. अडीच ग्रॅम म्हणजे ३८.५८ ग्रेन, काट्याने ३८.५८ दाखवलं. समाधानाने कामाला लागलो. दुपारी थंडी वाढली, हीटर सुरू झाला. त्याची जाळी माझ्या टेबलाच्या बरोबर वर आहे, हे मला माहीत होतं पण त्या क्षणी डोक्यात आलं नाही. काट्यावर आकडे तितकेच सुबक येत होते, शेवटचा दशांश तितकाच ठाम. साठ काडतुसं झाल्यावर सवयीने वजनं पुन्हा ठेवली. ३८.९२. एक तृतीयांश ग्रेनहून जास्त फरक, म्हणजे सतराएक काड्या. साठांपैकी कितव्या काडतुसापासून काटा सरकला हे कळायला काहीच मार्ग नव्हता. सुदैवाने चूक कमी दारूच्या बाजूला गेली होती. काटा जास्त दाखवत होता, म्हणून मी कमी भरत होतो. उलट झालं असतं तर? मी साठही गोळ्या हातोड्यासारख्या पुलरने ठोकून बाहेर काढल्या आणि दारू ओतून टाकली. त्या दिवशी माझा काटा ०.०२ पर्यंत बारीक होता आणि ०.३४ ने खोटा.

दांडीचा काटाही खोटं बोलतो, पण त्याचं खोटं डोळ्यांना दिसण्याची शक्यता असते. सुरीच्या धारेसारख्या टेकूवर धूळ बसली तर दांडी जड हलते आणि मध्यावर यायला कुरकुरते. त्याचा खरा धोका वेगळा आहे: सरकवायचं वजन एका खाचेऐवजी शेजारच्या खाचेत बसलं तर चूक काडीची होत नाही, एकदम पाच ग्रेनची होते. .३०८ साठी अमेरिकेतल्या साआमी संस्थेने कमाल दाब चौरस इंचाला ६२,००० पौंड ठरवला आहे. पुस्तकातल्या कमाल मापाच्या जवळ भरलेल्या काडतुसात पाच ग्रेन जास्त म्हणजे काय, हे हातात रायफल धरणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं. पिस्तुलाच्या लहान केसमध्ये जलद जळणारी दारू निम्मीसुद्धा जागा व्यापत नाही. तिथे दारू चुकून दोनदा पडली तरी ती केसच्या बाहेर सांडत नाही, आणि बाहेरून काही कळत नाही. एका दारूच्या डब्यातली उरलेली दारू दुसऱ्या डब्यात ओतली गेली तर काटा बिचारा काय सांगणार? वजन अगदी बरोबर असेल.

माणसाचे हात आणि डोळे जातात ते या चुकांनी. यातली एकही चूक दुसऱ्या दशांशात राहत नाही. ती टाळायला लागतं ते हे: टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. प्रमाण वजन सुरुवातीला, दर पंधरावीस काडतुसांनी आणि शेवटी. केस भरल्या की त्या फळीवर रांगेत उभ्या करून बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावायचं, पातळी सारखी आहे ना ते पाहायचं, आणि मगच गोळी बसवायची. आणि काम चालू असताना कुणाशी गप्पा नाहीत. माझ्या मित्राच्या टेबलावर त्या दिवशी दोन डबे उघडे होते. वेगळं प्रमाण वजन त्याच्याकडे नव्हतंच. काट्याबरोबर आलेलं वजन त्याने सुरुवातीला एकदा वापरलं आणि पेटीत ठेवून दिलं. काडी मोजण्यात त्याचं सगळं लक्ष खर्च होत होतं, म्हणून दोन डब्यांकडे त्याचं लक्षच गेलं नाही. माझी खरी तक्रार ही आहे. माणसाकडे लक्ष मर्यादित असतं. ते जिथे वाहवतं तिथून दुसरीकडे कमी पडतं.

अचूक नेमबाजीला काडी मोजावी लागते असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी माझ्या कोल्हापूरकडे पाहावं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफलचं कांस्यपदक मिळवलं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. त्या खेळातलं दहाचं वर्तुळ पन्नास मीटरवर १०.४ मिलिमीटरचं असतं. आणि त्यात वापरली जाणारी .२२ ची काडतुसं रिमफायर असतात: ठिणगीचं मिश्रण केसच्या कडेत भरलेलं, ती पुन्हा भरताच येत नाहीत. त्या नेमबाजांच्या हातात चिमटा कधी नसतोच. ते काय करतात, तर कारखान्यातून निघालेल्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्याच रायफलमधून, रायफल घट्ट पकडून बसवून, पुष्कळ गोळ्या झाडून तपासतात आणि जो लॉट त्या नळीला जुळतो तो विकत घेतात. मोजमाप तिथेही आहेच आणि कठोर आहे. फक्त ते काड्यांचं नाही, लक्ष्यावर पडलेल्या भोकांचं आहे.

मित्राने हा लेख छापण्याआधी वाचला. त्याला तो पटलेला नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे: येत्या मे महिन्यात, सकाळी वारा पडलेला असताना, हजार यार्डावर साठ गोळ्या. पितळ एकाच खरेदीचं, एकाच दिवशी तापवलेलं. तीस काडतुसांत त्याने चिमट्याने मोजलेली दारू, तीस काडतुसांत माझ्या दांडीच्या काट्यावर ०.१ पर्यंत तोललेली. त्याची बायको ती दोन डब्यांत भरून डब्यांना फक्त अ आणि ब नाव देईल आणि कोणतं कोणाचं ते पाकिटात बंद करून ठेवेल. झाडायच्या त्यानेच, कारण त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी लक्ष्याखालच्या खंदकात बसून प्रत्येक भोकाची उंची पट्टीने मोजीन. काडी हजार यार्डावर दिसते असं तो म्हणतो, तर साठ भोकं पाहून पाकीट उघडण्याआधी त्याने सांगावं, कोणता डबा त्याचा.